अडेल कोणाचं?

आमच्या ऑफिसात एक खुर्ची अशी होती की तिच्यावर बसायच्या आधी चपला काढाव्या लागायच्या. हा गुरुजींचा नियम. त्या खुर्चीसमोरच्या कॉम्प्युटरवरूनच आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर खऱ्या दवाखान्यांत जायचं. बाकीच्या मशिनांवर आम्ही दिवसभर मोडतोड करायचो, चहा सांडायचो, शेंगदाण्याची टरफलं टाकायचो, गुरुजी अवाक्षर काढायचे नाहीत. त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं तर मात्र अनवाणी आणि हात धुऊन. मी नवीन होते, तोंडाची फटकळ तर जन्मापासून. विचारलं, गुरुजी, व्हायरस काय चपलेतून येतो? ते म्हणाले, "व्हायरस नाई येत, घाई येते." आणि मला बेसिनकडे पिटाळलं.

ऑफिस म्हणजे यवतमाळच्या बसस्टँडमागे एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या. खाली बियाण्यांच्या पिशव्या आणि औषधांचा वास, वर आम्ही सहा जण. मालक पुण्यात आठ वर्षं नोकरी करून परत आलेला, त्याला सगळे दादा म्हणायचे. एक सेवाभावी संस्था आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे दवाखाने चालवायची, इकडे पांढरकवड्यापासून तिकडे फुलसावंगीपर्यंत. सिकलसेल म्हणजे आईबापाच्या रक्तातून येणारा आजार. रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या चुकल्या की हाडं अशी दुखतात की माणूस जमिनीवर लोळतो. प्रत्येक पेशंटचं कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड, त्या कार्डांवरून दर आठवड्याला गोळ्यांची यादी निघायची, आणि यादीत नाव असेल त्याला खिडकीवर गोळ्या मिळायच्या. ती सगळी व्यवस्था आमची.

या कारभारात जिल्हा परिषदेचा रिटायर मास्तर कुठून आला, असं प्रत्येक नवीन माणूस विचारायचा. दादाने त्यांना पडद्यावरचं मराठी तपासायला बोलावलं होतं, आठवडाभरासाठी. तिसऱ्या दिवशी ते दादासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे मशीन घर नंबर लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. दादा म्हणाला, मग लिहा. "पोडावर घराले दार असते, नंबर नसते," गुरुजी म्हणाले. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, रानाच्या कडेला वीस-तीस घरं. गुरुजींनी नोकरीची पहिली काही वर्षं तिकडच्या शाळांमध्ये काढलेली. दादाने घर नंबराची सक्ती काढली आणि गुरुजींना ठेवून घेतलं. तेव्हापासून कोणताही रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कोणताही नवा बदल, त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचा नाही.

त्यांची भाषा स्वतःची होती. टेस्ट आणि प्रॉडक्शन हे शब्द त्यांना चांगले माहीत होते, पण वापरायचे नाहीत. खोटे पेशंट भरून आम्ही जिथे तपासणी करायचो ते 'अल्याड'. खरे पेशंट जिथे, ते 'पल्याड'. अल्याडचं पल्याड नेणं म्हणजे 'पाठवणी'. आणि ज्याने बनवलं त्याने पाठवणी करायची नाही, कितीही मोठा प्रोग्रामर असो. त्याने बाजूला उभं राहायचं, हात मागे बांधून. खरंच हात मागे बांधायला लावायचे. एकदा एका पोराने हात तसेच मागे ठेवून हसून दाखवलं तर म्हणाले, पाहुण्यांसमोर हसू नको. पाहुणे म्हणजे कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी दहाला हजेरी. सहा माणसांच्या ऑफिसात, सगळे सगळ्यांना दिसत असताना. आपण "हजर" म्हणायचं. दादाचंही नाव घ्यायचे. दादा फोनवर असला तर फोन बाजूला धरून "हजर" म्हणायचा. पुण्याहून एक पाहुणा आला होता, त्याने हे पाहिलं आणि जाईपर्यंत दादाकडे दयेने बघत राहिला.

कोणाचा वाढदिवस असला की आम्ही केक आणायचो. मेणबत्ती लागली की गुरुजी उठून गॅलरीत जायचे, आणि टाळ्या थांबल्यावर परत यायचे. केक खायचे नाहीत. आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याला शुगर असेल.

आता रजिस्टरबद्दल सांगते, कारण सगळी कटकट त्या रजिस्टराची. लाल कापडी पाठीचं, शाळेतल्यासारखं. पाठवणीच्या आधी चार रकाने भरायचे. काय पाठवायचं, कोणी बनवलं, बिघडलं तर परत कसं आणायचं, आणि चौथा रकाना, 'अडेल कोणाचं'. म्हणजे हे पल्याड गेल्यावर बंद पडलं किंवा चुकलं, तर कोणाचं काम अडेल त्याचं नाव. जिवंत माणसाचं, गावासकट. आमच्यातल्या एकाने पहिल्याच खेपेला 'सर्व युजर्स' लिहिलं. गुरुजींनी चष्मा वर करून विचारलं, "हा सर्व युजर कोन्या गावचा हाये?" दुसऱ्याने कंटाळून स्वतःच्या सासूचं नाव टाकलं. गुरुजींनी त्याच्याकडूनच नंबर घेऊन सासूबाईंना फोन लावला आणि शांतपणे विचारलं की आमच्या सॉफ्टवेअरवाचून तुमचं काय अडतं? त्या बाईंनी जावयाबद्दल जे सांगायला सुरुवात केली ते पंधरा मिनिटं चाललं. त्यानंतर सगळे मुकाट्याने दवाखान्यात फोन करून खरं नाव विचारायला लागले. मला हा प्रकार निव्वळ डोक्याला ताप वाटायचा. मी ते तोंडावर म्हटलंही होतं. गुरुजी फक्त रजिस्टर माझ्याकडे सरकवायचे.

माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'जोडणी'. व्हायचं असं, की एकच पेशंट आज पांढरकवड्याच्या दवाखान्यात कार्ड काढायचा आणि पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी कुठल्या शिबिरात दुसरं. एका माणसाची दोन दोन, तीन तीन कार्डं. एकावर तपासणी, दुसऱ्यावर गोळ्या, काही मेळ नाही. जोडणीने अशी कार्डं शोधायची आणि एक करायची. मी दोन महिने त्यावर बसले होते. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख या चार गोष्टी जुळल्या की माणूस तोच, असं मी ठरवलं. मधलं नाव मुद्दाम सोडलं. बाईचं मधलं नाव लग्नानंतर बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आडनाव मात्र आमच्या दवाखान्यांतल्या बहुतेक बाया माहेरचंच सांगायच्या. माझ्या आईची कागदपत्रं जुळवताना मी रांगेत उभी राहिलेली आहे, मला कोण शिकवणार? ऑफिसातल्या पाच पुरुषांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं आणि मला सुचलं, याचा मला फार गर्व होता. कार्डं एक झाली की त्यातला सगळ्यात नवा तपासणीचा रिपोर्ट खरा धरायचा. अल्याड सगळं मस्त चाललं. अल्याडचे खोटे पेशंट आम्हीच भरलेले, कोणी मित्राची जन्मतारीख टाकलेली, कोणी मामेबहिणीची.

गुरुवारी पांढरकवड्याला संस्थेचे विश्वस्त येणार होते. जोडणीचं उद्घाटन, मांडव, सत्कार, फ्लेक्स छापून आलेला. संस्थेचं पुढचं सगळं काम आम्हाला द्यायचं की नागपूरच्या कोणाला, हे त्या दिवशी ठरणार होतं. दादा आठवडाभर नीट जेवला नव्हता.

मंगळवारी दुपारी मी रजिस्टर भरायला घेतलं. चौथ्या रकान्यासाठी पांढरकवड्याच्या सिस्टरला फोन केला. जोडणी बिघडली तर कोणाचं अडेल, एक नाव सांगा. सिस्टरना आमच्या गुरुजींची सवय झालेली, त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. म्हणाल्या, मैना टेकाम लिही. पोडावरून येते दर गुरुवारी पहिल्या नंबरला, गोळ्या चुकल्या की तिचे पाय धरतात. पोडाचं नाव सांगितलं. मी लिहिलं आणि रजिस्टर गुरुजींसमोर ठेवलं.

गुरुजी बोट ठेवून वाचायचे. बोट चौथ्या रकान्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

"कोनती मैना?" ते म्हणाले.

मी म्हटलं, मैना टेकाम, लिहिलंय ना समोर. ते म्हणाले, त्या पोडावर मैना टेकाम दोन आहेत. एक दाराजवळ बसायची, एक फळ्याजवळ. मला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं. मग कळलं की ते वर्गाबद्दल बोलत आहेत. ती त्यांची पहिली शाळा. मी म्हटलं, असतील दोन, जन्मतारीख वेगळी असली की झालं, मशीन नाही जोडणार.

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोघीची एक जुलै हाये," ते म्हणाले. "साल बी एकच. मीच लिवली."

मग त्यांनी सांगितलं. शाळा उघडली की ते पोडावर जाऊन मुलं गोळा करून आणायचे. आईबापाला जन्मतारीख विचारली की ते सांगायचे, कापूस वेचून राह्यलो होतो तवा झाली, नाहीतर मोहफुलाच्या दिवसांत झाला. तारीख कोणाला ठाऊक? आणि हजेरीपटातला रकाना रिकामा ठेवायचा नाही असा वरून हुकूम. सहा वर्षं पुरी व्हायला पाहिजेत म्हणून मग सगळ्यांना एक जुलै. अख्ख्या वर्गाला. एका दिवसात पोडाच्या पोडाचे वाढदिवस वाटून टाकले. पुढे त्याच तारखेवर दाखले निघाले, आधार निघालं, सगळं निघालं.

मी चिडले. आज खरं सांगते, आधी मला मैना वगैरे काही दिसली नाही, माझे दोन महिने दिसले. मी म्हटलं, एका पोडासाठी अख्ख्या जिल्ह्याचं काम थांबवता का? आणि मग जे बोलू नये तेही बोलले. म्हटलं, चूक तुम्ही केली, शिक्षा मला काहून?

ते रागावले नाहीत. "बरोबर हाये तुहं. चूक माही हाये," ते म्हणाले. "मनूनच पाठवनी होनार नाई."

मग त्यांनी मला टेस्टवर बसवलं. म्हणाले, मी सांगतो तशी नावं भर. आणि डोळे मिटून त्यांनी हजेरी घेतली. ऑफिसची नव्हे, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. आयतू, जंगू, भीमराव, सुरेखा, एकापाठोपाठ एक, आडनावासकट, मध्ये कुठेही न अडखळता. सतरा मुलं. सगळ्यांची एक जुलै. आडनावं म्हणाल तर तीनच. दाराजवळच्या मैनाचा रिपोर्ट आजारी म्हणून भरला, फळ्याजवळच्या मैनाचा निरोगी, आणि तो नंतरच्या तारखेचा. सिस्टरला परत फोन करून मी खात्री केली, खरे रिपोर्टही तसेच होते. फळ्याजवळची मैना नुकतीच शिबिरात तपासून गेली होती.

मी जोडणी चालवली. सतरा कार्डांची अकरा झाली. तीन भीमरावांचा एक भीमराव झाला. दोन मैनांची एक मैना झाली, आणि ती निरोगी होती. मग मी गोळ्यांची यादी काढली. मैना टेकाम यादीत नव्हती.

मी यादी वरून खाली दोनदा वाचली. गुरुजी माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते जे बोलले ते मला नाही, कोणालाच नाही. "तिचे पाय दुखायचे. मी म्हनो, सोंग करते. उभं केलंय मी तिले वर्गात, तास तास," ते म्हणाले. त्या वेळी सिकलसेल हे नावसुद्धा कोणाला माहीत नव्हतं, असं मी म्हणायला पाहिजे होतं.

प्रॉडक्शनच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दोन तुकड्यांत होता. अर्धा दादाला ठाऊक, अर्धा गुरुजींना. हेही गुरुजींचंच डोकं, आणि दादाने तेव्हा कौतुकाने मान्य केलं होतं. त्या दुपारी त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. आधी तो गोडीत बोलला. म्हणाला, गुरुजी, एका दिवसाचा प्रश्न आहे. गुरुवारी सकाळी टाकू, पाहुण्यांना दाखवू, संध्याकाळी परत आणू, तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय परत कसं आणायचं.

"गुरुवारी दवाखाना असते," गुरुजी म्हणाले.

दादा म्हणाला, सिस्टर ओळखते ना दोघींना, ती देईल गोळ्या.

"सिस्टर स्टेजवर राह्यतीन, हार घेऊन. खिडकीवर कोन राहीन?"

खिडकीवर कंपाउंडर असायचा, महिन्याभरापूर्वी लागलेला. तो यादी बघणार. दादाला हे कळत होतं. पण फ्लेक्स छापला होता, आणि तो आठवडाभर जेवला नव्हता. त्याचा आवाज चढला. म्हणाला, आपला सर्व्हर ज्याच्याकडे आहे त्या हॉस्टिंगवाल्याला फोन करून मी पासवर्ड बदलून घेतो, मला तुमची गरज नाही. गुरुजी म्हणाले, घ्या. "मले काढून टाका. मी येनार नाई उद्यापासून. पन माह्या हातानं हे जानार नाई."

दादा म्हणाला, बरं मग, येऊ नका.

खोलीत सगळे खाली मान घालून कीबोर्डकडे बघत होते. दादाने फोन उचलला होता. तो बोलायला लागायच्या आत मी उठले, लाल पेन घेतलं, रजिस्टरात माझ्या नावाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि रजिस्टर दादासमोर उघडं ठेवलं. म्हटलं, जोडणी मी परत घेतली. ती मी बनवली आहे आणि ती चुकीची आहे. पासवर्ड मिळाला तरी टाकायला तुझ्याकडे आता काही नाही. माझ्या मशीनवरून मी ती उतरवत नाही आणि दुसऱ्या कोणाला उतरवू देत नाही.

दादाने फोन खाली ठेवला. "तू पण?" एवढंच म्हणाला. मग गॅलरीत जाऊन त्याने विश्वस्तांना फोन लावला. काचेतून दिसत होतं, तो मान हलवत होता, हो साहेब, हो साहेब. बराच वेळ ऐकून घेत होता. गुरुजींनी चपला घातल्या, छत्री घेतली, दारातून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दहाला हजेरी झाली नाही. आम्ही सहा जण, म्हणजे आता पाच, आपापल्या जागी येऊन बसलो आणि कोणाला काय करावं कळेना. अर्ध्या तासाने मी गुरुजींना फोन केला. मागे बसचा आवाज. म्हणाले, पांढरकवड्याले चाललो, पोडावर जातो. मी विचारलं, नोकरी गेली, आता कायले जाता? म्हणाले, नोकरी गेली, चूक कुठं गेली? मी दादाला सुट्टी पाहिजे म्हणून सांगितलं. कारण त्याने विचारलं नाही. पुढची एसटी पकडली.

पांढरकवड्याच्या स्टँडवर ते छत्री घेऊन बसले होते. तिथून ऑटो, मग पायी. कापूस वेचणीचे दिवस, पोडावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडून कोणी नाही. आम्ही शाळेच्या ओट्यावर थांबलो. दुपारून बाया परतायला लागल्या आणि बातमी पसरली की गुरुजी आले. बघता बघता वीसेक माणसं गोळा झाली, माझ्याहून मोठी, कोणाच्या कडेवर पोरं. गुरुजी उठून उभे राहिले. सहा वर्षं मी त्यांना रजिस्टरावरून प्रोग्रामरांना झापताना पाहिलं होतं, पण इथे ते छत्री या हातातून त्या हातात घेत राहिले. शेवटी म्हणाले, मी तुमच्या सगळ्यांच्या जन्मतारखा खोट्या लिवल्या. मले माफ करा.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, ते तर ठाऊक हाये गुरुजी, त्यात काय एवढं? सगळे हसले. मग मला कळलं की पोडावर एक जुलैला गूळ वाटतात. सगळ्या वर्गाचा वाढदिवस एकदम, गुरुजींच्या वर्गाचा.

दाराजवळची मैना जरा मागे, भिंतीला टेकून बसली होती. बारीक, डोळे पिवळसर. तिला चिकटून दुसरी मैना, धडधाकट, पहिलीच्या पोराला पाणी पाजत होती. मी दोघींना नीट समजावून सांगितलं की कॉम्प्युटर तुम्हाला एकच समजला असता, आणि का. फळ्याजवळची मैना म्हणाली, एकाच दिवशी जलमलो असं गुरुजीनं सांगितलं, मनून तर आमची दोस्ती झाली. गुरुजींचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. दाराजवळची मैना त्यांना म्हणाली, "मंग आता काय दोस्ती तोडाची काय आम्ही?"

"नाई, बाई," गुरुजी म्हणाले. "आईचं नाव सांगा फक्त."

आईचं नाव. लग्न झालं तरी तेवढं बदलत नाही. मला बाई असून सुचलं नव्हतं, ते तिथे ओट्यावर बसून सुचलं, आणि तेही गुरुजींना. दोघींच्या आया वेगळ्या, नावं वेगळी. आम्ही त्या दिवशी सगळ्या वर्गाची लिहून घेतली. नंतरचे बारा दिवस गुरुजी एकटे आसपासच्या पोडांवर फिरले. ज्यांना आईचं नाव आठवत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं, तो रकाना त्यांनी रिकामा ठेवला. मला फोनवर बजावून सांगितलं की रिकामा आहे तो रिकामाच राहू दे, मशीनने स्वतःच्या मनाने काही भरायचं नाही.

इकडे मी जोडणी पुन्हा लिहिली. आता ती आपणहून कोणाला जोडत नव्हती. दोन कार्डं शेजारी शेजारी दाखवायची आणि सिस्टरला विचारायची, की समोर बसलेल्या माणसाला विचार, हा तोच का? आईचं नाव जुळलं तरच विचारायची. आणि आजारी असल्याचा रिपोर्ट कोणत्याही नव्या रिपोर्टने पुसला जात नव्हता. दादाने ते सगळं तपासून बघितलं. त्या गुरुवारचं उद्घाटन रद्द झालं होतं. संस्थेने काम काढून घेतलं नव्हतं, पण पुढचं द्यायचं की नाही तेही सांगितलं नव्हतं.

मग पासवर्डाचा प्रश्न आला. हॉस्टिंगवाल्याला फोन करायची धमकी दादाने दिली होती, केला कधीच नाही. त्याने गुरुजींना फोन करून अर्धा पासवर्ड मागितला. गुरुजी म्हणाले, फोनवर पासवर्ड सांगू नये, हे तुम्हीच शिकवलं. दादाने हेल्मेट उचललं आणि गेला. तासाभराने मोटरसायकलवर मागे गुरुजी बसलेले, मांडीवर छत्री. दादाने माफी मागितली का, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याने फोन बंद करून "हजर" म्हटलं, एवढं मी ऐकलं.

पाठवणी गुरुवारीच करायची असं गुरुजींनी ठरवलं, दवाखान्याच्या दिवशी, आणि ते स्वतः तिकडे, पेशंटच्या बाकावर बसणार. दादा घाबरला. म्हणाला, काही चुकलं तर सगळ्यांसमोर चुकेल. गुरुजी म्हणाले, सगळ्यांसमोर चुकलं तर लगेच दिसते. आपला अर्धा पासवर्ड त्यांनी पाकिटात घालून, चिकटवून दादाच्या हातात दिला आणि सकाळच्या पहिल्या बसने गेले. मांडव नव्हता, विश्वस्त नव्हते.

अकरा वाजता दादाने पाठवणी केली. मी शेजारी हात मागे बांधून उभी होते. पडद्यावर काम पूर्ण झाल्याची ओळ आली आणि दादाने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघत होते. पांढरकवड्याला त्या घटकेला नवी यादी निघाली असणार, खिडकीवर तोच नवा कंपाउंडर असणार, आणि पहिल्या नंबरला मैना. पाच मिनिटं गेली. दहा गेली. दादा म्हणाला, तू लाव फोन. मी म्हटलं, नाही, तेच लावतील. माझे हात अजून मागेच बांधलेले होते.

फोन वाजला. "मिळाल्या," गुरुजी म्हणाले. पुढे काही नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले. तिकडे फोन कोणाच्या तरी हातात गेला, आणि एका बाईचा आवाज आला.

"ताई, मी मैना. गोळ्या मिळाल्या मले, आठवड्याच्या. पन गुरुजी रडून राह्यले इथं बाकावर. त्यायले काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "त्यांना पाणी दे थोडं."